समितीचं डांबर

माझ्या पहिल्या साहेबांच्या पायाला कायम डांबर लागलेलं असे. धोतर पांढरंशुभ्र, कोट इस्त्रीचा, डोक्यावर काळी टोपी, हातात छत्री, आणि पायात कॅनव्हासचे बूट. बुटांची वरची बाजू खडूने पांढरी केलेली आणि तळवे मात्र तव्याच्या बुडासारखे. कचेरीच्या लादीवर ते जिथे जिथे फिरत तिथे तिथे काळे ठसे उमटत, आणि झाडणारी बाई रोज सकाळी त्यांच्या नावाने बोटं मोडायची. साहेब इमारतीत कुठे आहेत हे मला कोणाला विचारावं लागत नसे. ठसे बघायचे आणि मागोमाग जायचं.

हे डांबर रस्त्याचं नव्हे, समुद्राचं. जहाजं आपल्या टाक्या भर समुद्रात धुतात आणि तेलकट पाणी तिथेच सोडून देतात. ते तेल लाटांवर घट्ट होत होत गोळे बनून किनाऱ्याला लागतं. हे सगळं मला नोकरी लागल्यावर कळलं. तोवर आम्हा गिरगावातल्या पोरांची समजूत अशी, की चौपाटीवर जशी वाळू असते तसं डांबरही असतं, देवानेच ठेवलेलं. चौपाटीवरून घरी आलो की आई उंबऱ्यातच अडवायची. दाराआड रॉकेलची बाटली आणि फडकं तयार असे. तळपाय घासून लाल झाल्याशिवाय आत पाऊल नाही. आमच्या चाळीत हा सोहळा दारोदारी चाले, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. वावगं वाटलं ते आमच्या साहेबांना, आणि तेही पायामुळे नाही. जिभेमुळे.

त्याचं असं झालं. साहेब मूळचे ठाकूरद्वारचे, मुंबईच्या जुन्या घराण्यातले, आणि मासळीवर जीव टाकणारे. एका रविवारी त्यांच्या थोरल्या बहिणीने, आक्कांनी, सरंगा तळला. साहेबांनी पहिला घास घेतला आणि ताट बाजूला सारलं. म्हणाले, "आक्का, या सरंग्याला स्टोव्हचा वास येतो." आक्का भडकल्या, कारण स्वयंपाकाला नाव ठेवलेलं त्यांना खपत नसे. पण त्यांनीही चाखून पाहिला आणि त्यांनीही ताट सारलं. तो सरंगा म्हणे पाण्यातच रॉकेल पिऊन आला होता. त्या दिवसापासून साहेब मासळीबाजारात प्रत्येक मासा नाकाला लावून बघू लागले. कोळणी त्यांना 'वासवाला' म्हणत. मी एकदा त्यांच्याबरोबर होते, तेव्हा एकीने टोपलीवर हात आडवा धरला आणि म्हणाली, "ए वासवाल्या, म्हावरं घ्यायचं हाय का नुसतं नाक भरायचं हाय?" साहेब छत्री काखेत मारून गंभीरपणे म्हणाले, "आधी नाक. मग ठराव." आणि पुढच्या टोपलीकडे वळले.

ठराव हा त्यांच्या बोलण्यातला मीठ-मसाला. ते एका समितीचे सचिव होते, आणि समिती त्यांच्या अंगात मुरली होती. घरी जेवताना म्हणत, "आणखी एक पोळी असा ठराव मांडतो. अनुमोदक?" आक्का आतून म्हणत, "अनुमोदक नाही, पोळ्या संपल्या." त्यावर साहेब "ठराव फेटाळला" असं स्वतःशीच नोंदवून हात धुवायला उठत. कचेरीत कोणी शिंकलं तरी ते घड्याळात बघत, जणू वेळ नोंदवायची आहे.

समिती कसली हे सांगायला हवं. दूर परदेशात कुठेतरी देशादेशांची परिषद भरली होती. तीत ठरलं, की समुद्र सगळ्यांचा, तेव्हा तो सगळ्यांनी जपायचा, आणि त्यासाठी प्रत्येक सभासद देशाने आपापल्या घरी एक समिती नेमायची. आपल्या देशाच्या समितीचं बिऱ्हाड बॅलार्ड इस्टेटमध्ये तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, एक कुरकुरणारा पंखा, टायपिस्ट म्हणून मी आणि सदस्य-सचिव म्हणून साहेब. अध्यक्ष आणि इतर सभासद बैठकीपुरते उगवत. अध्यक्ष निवृत्त बडे अधिकारी, आणि सभासदांत जहाज कंपनीचा एक, तेल कंपनीचा एक आणि बंदर खात्याचा एक. परिषदेच्या कचेरीला साहेब नुसतं 'लंडन' म्हणत. ती खरंच लंडनात होती का, मला अजून नक्की ठाऊक नाही. साहेबांना परदेश म्हणजे लंडन, एवढाच त्यांचा भूगोल.

"ही समिती करते काय?" असं मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात विचारलं. साहेब खूष झाले. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता.

"बाई, तुम्ही चाळीत राहता ना?" ते मला 'बाई' म्हणत आणि अहो-जाहो करत, मी त्यांच्या मुलीच्या वयाची असूनही. "तुमच्या चाळीचा मालक कुठे असतो?"

"अलिबागेला."

"आणि जिना?"

"जिना चाळीत."

"बरोबर. आता मालक अलिबागेहून पत्र टाकतो, जिना स्वच्छ आहे काय? प्रत्येक मजल्यावरचा माणूस उत्तर धाडतो, स्वच्छ आहे. का? तर घाण आहे म्हटलं की झाडू आपल्या हातात येईल. मालक समाधानाने झोपतो. जिन्यावर तुम्ही घसरून पडता. तर लंडन म्हणजे अलिबाग. लंडन फक्त विचारू शकतं. बघायचं कोणी? मजल्यावरच्या माणसाने. म्हणजे आपण."

एवढं बोलून त्यांनी मला लंडनचा कागद दाखवला. त्यात बरेच प्रश्न होते, पण साहेबांचं बोट एकावरच थांबलं. आपल्या किनाऱ्यावर समुद्रातून आलेलं तेल आढळतं काय? या प्रश्नापुढे आपली समिती दर वर्षी इंग्रजीत 'निल' लिहून पाठवी. आमच्या मराठी दप्तरात 'निरंक'. म्हणजे काही नाही. साहेबांच्या बुटाचे तळवे काळे, आक्कांचा सरंगा वाया, गिरगावातल्या आयांचं रॉकेल संपतंय, आणि देशाचं उत्तर निरंक. ज्या दिवशी तो कागद टपालात पडे त्या दिवशी साहेब काही खात नसत. डबा उघडत, बघत, झाकण लावत. मी आणि झाडणारी बाई त्या दिवसाला 'निरंक एकादशी' म्हणायचो. त्यांच्या तोंडावर नाही, अर्थात. पण त्यांना माहीत होतं, कारण एकदा मीच त्यांना शेंगदाणे पुढे केले तेव्हा म्हणाले, "नको बाई, आज एकादशी आहे आपली."

निवृत्तीला फार काळ उरला नव्हता. त्यांना आयुष्यात बढती नको होती, बंगला नको होता. निवृत्त व्हायच्या आत एकदा, फक्त एकदा, त्या प्रश्नापुढे 'होय' जावं, एवढीच त्यांची इच्छा. हे त्यांनी मला सरळ सांगितलं होतं. मी नवी होते, वाटलं, एवढ्याशा शब्दासाठी काय मेलं जीव टाकायचा! पण मग रोज सकाळी त्यांना बघायची. आज चौपाटी, उद्या शिवाजी पार्कच्या मागचा किनारा, परवा वरळी. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, छत्रीच्या टोकाने वाळू उकरत चाललेत. फिरायला येणारे पेन्शनर त्यांना बघून वाट बदलत. त्यांना वाटे, यांचं काहीतरी हरवलंय, आणि शोधायला आपल्यालाही लावतील.

प्रत्येक बैठकीत साहेब तो डबा टेबलावर ठेवत. प्रत्येक बैठकीत तेल कंपनीचे गृहस्थ नाकाला रुमाल लावून म्हणत, "हे रस्त्याचं डांबर आहे. म्युनिसिपालिटी रस्ते करते, पावसात वाहून जातं." जहाज कंपनीचे गृहस्थ अनुमोदन देत. बंदर खात्याचे घड्याळ बघत. आणि अध्यक्ष, माणूस वाईट नव्हे पण कागदाशिवाय सूर्य उगवल्याचंही न मानणारे, म्हणत, "सेक्रेटरी, तुमच्या डब्याला माझा नमस्कार. पण एका माणसाचा डबा म्हणजे पुरावा नव्हे. पुष्कळ लोकांनी, पुष्कळ ठिकाणी पाहिलंय असं दाखवा. आणि दाखवाल ते सरकारी कागदावर दाखवा." मग निरंक, आणि मग एकादशी.

आता ते दिवस आठवा. मुंबई कोणाची, याच्यावर सगळी मुंबई पेटली होती. परळ-लालबागला संध्याकाळ झाली की सभा, गिरगावात नाक्यानाक्यावर चळवळीचे फलक, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच घोषणा, 'झालाच पाहिजे!' गोळीबार होऊन गेले होते, माणसं गेली होती, आणि फाउंटनवरून जाताना बडबडी माणसंही गप्प होत. साहेबांना मात्र राजकारणाचं वावडं. सरकारी नोकर, त्यात पापभीरू. न्हाव्याने वस्तरा गळ्याशी आणून विचारलं, "काय साहेब, मुंबई कोणाची?" तर म्हणाले, "समुद्राची. भरतीच्या वेळी येऊन बघ." न्हाव्याने अर्धी दाढी तशीच ठेवून त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं म्हणतात.

आणि अशा माणसाने पत्रक काढलं!

अध्यक्षांचं 'पुष्कळ लोक, पुष्कळ ठिकाणी' त्यांनी मनावर घेतलं होतं. लोकांनाच सांगायचं, डांबर गोळा करून आणा. त्यांनी स्वतःच्या हाताने मजकूर लिहिला आणि गिरगावातल्याच एका छापखान्यात नेऊन दिला. मजकुराच्या डोक्यावर समितीचं पूर्ण नाव होतं. 'समुद्रजल तैलदूषण प्रतिबंधक राष्ट्रीय सल्लागार समिती.' छापखान्याचा मालक ते वाचून म्हणाला, "साहेब, हे नाव एका ओळीत मावायचं तर कागद गोरेगावपर्यंत लागेल." साहेब म्हणाले, "बघा काय करता येईल ते." आणि गेले.

त्याने काय केलं? त्या दिवसांत गिरगावातल्या झाडून सगळ्या छापखान्यांत 'समिती' हा शब्द मोठ्यातल्या मोठ्या टायपात जुळवून तयारच ठेवलेला असे. रोजच लागायचा. त्याने पुढची सगळी शेपटी उडवली आणि तयार शब्द उचलून माथ्यावर ठेवला. पत्रक झालं ते असं:

'समितीचे आवाहन. नागरिकांनी जास्तीत जास्त डांबर गोळा करून, डब्यात भरून, समितीच्या कचेरीत त्वरित आणून द्यावे. हे राष्ट्रीय कार्य आहे. सचिव.' खाली आमचा पत्ता.

साहेबांनी मुद्रित वाचलं, शुद्धलेखन तपासलं आणि पसंत केलं. खरं सांगते, त्यांच्या डोक्यात दुसरी समिती आलीच नाही. त्यांच्या लेखी जगात समिती एकच होती. आणि गिरगावच्या, दादरच्या, लालबागच्या लेखीही समिती एकच होती. दुर्दैव एवढंच, की ती निराळी, चळवळीची. त्या समितीला डांबर कशाला हवं, हे कोणी विचारलंही नाही. कोणाच्या तरी पाटीला फासायला, आणखी कशाला! आणि फुकटचं डांबर किनाऱ्यावर मिळतं, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

सोमवारी मी कचेरीत पोचले तर जिन्यात रांग. रांग जिन्यातून खाली, रस्त्यावर, कोपऱ्यापर्यंत. गिरणीतले कामगार, शाळेतली पोरं, नऊवारीतल्या बायका, प्रत्येकाच्या हातात डबा, डेचकी, किटली. एक आजोबा तर पिकदाणी घेऊन आले होते. साहेब दारात उभे, डोळ्यांत पाणी. मला म्हणाले, "बाई, बघा. समुद्रासाठी एवढी माणसं." त्यांना खरं सांगायची हिंमत मला झाली नाही.

पहिला नंबर लालबागच्या एका तगड्या गृहस्थाचा. त्याने तेलाचा मोठा डबा साहेबांच्या टेबलावर आदळला आणि म्हणाला, "ह्यां घेवा. आमच्या चाळीतल्या सगळ्यांनी काल दादरच्या किनाऱ्यार जावन जमवल्यानी. आता खंयच्या पाटयेक फासूचा हा, तां फक्त सांगा."

साहेब म्हणाले, "पाटीला नाही. लंडनला पाठवायचं आहे."

तो गृहस्थ दोन पावलं मागे सरला. "लंडनाक? समिती थंयसर पावली?" मग मागे वळून जिन्यात ओरडला, "अरे, लंडनाक धाडतत!" आणि जिना टाळ्यांनी दणाणला.

पण साहेबांची तऱ्हा बघा. एवढा माल आयता दारात आलेला, पण डोळे झाकून घेतील तर शपथ. प्रत्येक डब्यात पेन्सिल खुपसून बघायचे. वाळू आहे का, शिंपला आहे का. दोन पोरांनी म्युनिसिपालिटीच्या पिंपातून काढलेलं चकचकीत डांबर आणलं होतं. साहेबांनी वास घेतला आणि म्हणाले, "रस्त्याचं! परत न्या." पोरं काकुळतीला आली, "आजोबा, लई लांबून आणलंय हो." "असेल. पण खोटं आहे." पोरांची तोंडं पडली, आणि पिंपाचं डांबर पिंपात परत गेलं.

दुपारपर्यंत दोन्ही खोल्या भरल्या. माझ्या टाइपरायटरवरसुद्धा एक लोटा होता. आणि मग जिन्यात बुटांचा आवाज झाला. फौजदार आले, बरोबर दोन हवालदार. बॅलार्ड इस्टेटमध्ये समितीने डांबराचा साठा केलाय, अशी खबर लागली होती त्यांना.

फौजदार चाळिशीतले, मिशीवाले, साताऱ्याकडचे. त्यांनी खोली पाहिली, डबे पाहिले आणि मग साहेबांकडे पाहिलं. धोतर, टोपी, छत्री, नाकाच्या शेंड्याला डांबर. त्यांचा चेहराच सांगत होता, की या माणसाला पकडून नेलं तर चौकीत सगळे हसतील. त्यांनी हवालदारांना बाहेर उभं केलं, दार लोटलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, मीही मराठीच आहे. कशाला भानगडीत पडता? छपराला लावायला आणलंय म्हणा. पावसाळा तोंडावर आहे, अर्धी मुंबई छपराला डांबर लावते. मी 'छप्पर' लिहितो, चहा पितो आणि जातो."

मी साहेबांच्या मागे उभी होते. मला तेवढं पुरे होतं. मी म्हणाले, "हो ना, फार गळतं आमचं छप्पर."

साहेब माझ्याकडे वळले. "बाई, आपलं छप्पर गळत नाही. सिमेंटचं आहे."

"साहेब," मी दात आवळून म्हटलं, "गळतं."

"गळत नाही. वर आणखी एक मजला आहे."

फौजदारांनी कपाळाला हात लावला. मग जरा कडक होऊन म्हणाले, "बघा हं. छप्पर नाही म्हणालात तर मला पंचनामा करावा लागेल. वर कळवावं लागेल. तुम्ही सरकारी नोकर, चळवळीत भाग घेतला असं होईल. सस्पेंड व्हाल. या वयात पेन्शन घालवाल."

साहेबांनी छत्री भिंतीला टेकवली. त्यांना भीती वाटत होती, आणि का वाटू नये? घरी आक्का, भाड्याची जागा, दुसरा आधार नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की अहो साहेब, 'छप्पर' म्हणा, एका शब्दासाठी कोणी म्हातारपण जाळतं का?

साहेब म्हणाले, "पंचनामा सरकारी कागदावर करता ना?"

"अर्थात."

"पंच असतात?"

"असतात की. पाच."

"आणि कोणी कुठून आणलं, तेही लिहिता?"

"सगळं लिहितो."

"मग करा," साहेब म्हणाले. "फौजदारसाहेब, दर वर्षी मी माझ्या हाताने लिहितो, की काही नाही. आज आहे. ते समुद्रातून आलेलं आहे. तसं लिहा."

फौजदार खुर्ची ओढून बसले आणि टोपी काढून टेबलावर ठेवली. ती डांबरात बसली, पण त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. पंच म्हणून लालबागचा तो गृहस्थ, खालच्या इराण्याकडचा पोऱ्या, आणि रांगेतले आणखी तिघे. फौजदार सांगत, हवालदार लिहीत. साहेब मधे मधे दुरुस्त्या सुचवत. "'काळा चिकट पदार्थ' नको. 'वाळू व शिंपल्यांनी युक्त, समुद्रकिनाऱ्यावरून गोळा केलेले तेलकट डांबर' लिहा." फौजदार म्हणाले, "साहेब, आरोपी तुम्ही आहात." साहेब म्हणाले, "हो, पण मसुदा चांगला झाला पाहिजे." प्रत्येक डब्याला चिठ्ठी लागली. चौपाटी, दादर, वरळी, माहीम. मग सगळ्यावर लाखेचं सील.

त्याचं जे व्हायचं तेच झालं. साहेब निलंबित. चौकशी बसली. चौकशी अधिकाऱ्यांपुढचा संवाद मी साहेबांकडूनच ऐकला, आणि ते तो फार आवडीने सांगत.

"तुम्ही समितीत आहात?"

"आहे."

अधिकारी चपापले. इतक्या लवकर कोणी कबूल होत नसे. "कोणत्या पदावर?"

"सचिव."

अधिकाऱ्यांच्या हातातली लेखणी थांबली. "सचिव! आणि कोणी नेमलं तुम्हाला?"

"सरकारने. तुमच्याच खात्याची सही आहे."

नंतरचं आधीच सांगून टाकते. चौकशी रखडली, मग विझली. मधला पगार बुडाला, आक्कांनी त्या दिवसांत सरंगा सोडून बोंबिलावर भागवलं, पण पेन्शन वाचलं. आणि लंडनही गप्प बसलं नाही. एकदा 'होय' गेल्यावर पुढचे प्रश्न आले. कुठे, कोणत्या महिन्यांत, कोणत्या वाऱ्याने. मग बंदर खात्याला माणूस नेमावा लागला, जहाज कंपन्यांना पत्रं गेली, तेल कंपनीच्या गृहस्थांना रुमाल खिशात ठेवून बोलावं लागलं. समुद्र लगेच धुऊन निघाला असं नाही, अजूनही नाही. पण जिना झाडायचा आहे, हे तरी चाळीने मान्य केलं. साहेब म्हणायचे, "बाई, निरंकाला पुढचा प्रश्न नसतो. होयला असतो. सगळी मेख तिथे आहे."

पण मला आठवतो तो त्या बैठकीचा दिवस. साहेब निलंबित, म्हणून त्यांना कचेरीत पाऊल टाकायला बंदी. पंचनाम्याची नक्कल मी अध्यक्षांपुढे ठेवली. तेल कंपनीचे गृहस्थ सवयीने म्हणाले, "हे रस्त्याचं डांबर असेल."

अध्यक्षांनी चष्मा लावला. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. "पोलीस म्हणतात समुद्राचं आहे," ते म्हणाले. "पाच पंच आहेत. सील आहे. पोलीस खोटं लिहितात, असं समितीने लंडनला कळवायचं का? तसा ठराव तुम्ही मांडता?"

तेल कंपनीच्या गृहस्थांनी घसा साफ केला आणि ठराव काही मांडला नाही. जहाज कंपनीच्या गृहस्थांना अनुमोदन द्यायला काही उरलं नाही. अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "टाइप करा. 'येस'."

मी टाइप केलं. तीन अक्षरं, पण चुकत गेले आणि दोनदा कागद बदलावा लागला. अध्यक्षांची सही झाली आणि मी खिडकीकडे धावले.

खाली समोरच्या फुटपाथवर साहेब उभे होते, छत्री उघडून, उन्हात. सकाळपासून उभे असणार. बाजूला गोदीतले कामगार डबे सोडून जेवायला बसलेले, कोपऱ्यावर हवालदार. साहेबांनी वर पाहिलं आणि हातानेच विचारलं, काय? खिडकीतून ओरडायचं नसतं, असं आईने मला जन्मभर बजावलं होतं. मी कमरेपर्यंत बाहेर वाकून ओरडले, "साहेब, 'होय' झालं!"

मधून लॉरी गेली. साहेबांनी कानाला हात लावला. "काय?"

मला रडू फुटलं होतं, धड शब्द निघेना. सगळा जीव गोळा करून मी एवढंच ओरडले, "झालं!"

गोदीतल्या कामगारांनी मान वरसुद्धा केली नाही. तोंडात घास असतानाच, सवयीने, एकमुखाने उत्तर दिलं, "झालाच पाहिजे!"

रस्त्यावरच्या हातगाडीवाल्याने ते उचललं, पलीकडच्या पानवाल्याने उचललं, आणि बघता बघता सगळा रस्ता गर्जत सुटला. साहेब मधोमध उभे. चळवळीशी आपला काडीचाही संबंध नाही, असं ज्यांना लेखी द्यायचं होतं ते. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, कोपऱ्यावरच्या हवालदाराकडे पाहिलं. मग छत्री मिटली, झेंड्यासारखी उंच धरली आणि चिरक्या आवाजात ओरडले, "झालाच पाहिजे!"

हवालदारही म्हणाला, पण तोंड फिरवून.